छोट्या इंजिनाला नवा रंग : घाई नको, निरीक्षण हवे

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली. कुणाचे आजोबा गँगमन, कुणाचे वडील लोको शेडमध्ये खलाशी. पण इंजिनाच्या बारीक कामाला आपल्या माणसाचा हात सहसा लागू दिला गेला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. रेल्वेच्या कारखान्यात आपला माणूस मेकॅनिकच्या जागी क्वचितच दिसतो, तो हमालच राहतो, याकडे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेत लक्ष वेधले होते.

ही आठवण काढण्याचे कारण एक छंद आहे. खऱ्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, जमवण्याचा हा छंद युरोप-अमेरिकेत फार जुना आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. मुलांना तिथे जरूर न्यावे. या मॉडेलांचे एक प्रचलित प्रमाण १:८७ आहे. या प्रमाणात सतरा मीटरचे डिझेल इंजिन सुमारे वीस सेंटिमीटरचे होते आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा दांडा जेमतेम पाव मिलिमीटरहून थोडा जाड उरतो.

विकतची बहुतेक मॉडेले परदेशी रेल्वेच्या रंगात येतात. आपल्या रेल्वेत १९६२ पासून आलेली डब्ल्यूडीएम-२ इंजिने मूळ अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याची. पुढे ती वाराणसीला बनू लागली. म्हणून आल्कोचे जुने मॉडेल मिळाले की त्याला कल्याण किंवा पुणे शेडचा रंग द्यावा, असे हौशी लोकांना वाटते. पण रंगाआधी हातदांडे, भोंगे, वायपर, काचा, दिव्यांची भिंगे हे चिकटवलेले भाग काढावे लागतात. नवे मॉडेल हजारोंच्या घरात जाते आणि तुटलेला सुटा भाग आपल्याकडे सहजी मिळत नाही. तेव्हा खरे कसब रंगात नाही, हे भाग न मोडता काढण्यात आहे.

पहिला नियम असा की हत्यार उचलण्याआधी पाहावे. मॉडेलचे सर्व बाजूंनी मोबाईलवर फोटो काढावेत. वरचे कवच सोडवून आतून बघावे. पुष्कळ भागांना बारीक खुंटी असते. ती भोकातून आत येते आणि गोंदाचा ठिपका आतूनच दिलेला असतो. असा भाग बाहेरून पकडीने ओढू नये. आतला गोंद ब्लेडच्या टोकाने खरवडावा आणि दात कोरायच्या लाकडी काडीने खुंटी आतून हळूहळू ढकलावी. तारेचा दांडा भोकाजवळ चिमट्यात धरून सरळ काढावा. एक टोक थोडे, मग दुसरे टोक थोडे.

दुसरा नियम गोंद ओळखण्याचा. पांढरा गोंद कोमट पाण्यात भिजवला की मऊ पडतो. उकळते पाणी वापरू नये, कवच वाकडे होते. फेविक्विकसारखा झटपट गोंद कडक पण ठिसूळ असतो आणि थंडीने आणखी ठिसूळ होतो. मॉडेलची मोटार व वायरी काढून फक्त कवच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावे. मग भागाला हलकेच पीळ दिला की जोड सुटू शकतो. थंडीत प्लॅस्टिकही ठिसूळ होते, म्हणून जोर करू नये. तिसरा प्रकार प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या सिमेंटचा. तिथे दोन तुकडे एकजीव झालेले असतात. ते सोडवण्याच्या फंदात न पडता भागावर चिकटपट्टी लावून रंग द्यावा.

नेलपॉलिश काढायचे अॅसिटोन मुळीच वापरू नये. त्याने गोंद सुटतो, पण प्लॅस्टिकही वितळते. जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. आधी काचा काढाव्यात, आतल्या बाजूला थेंब लावून पाहावे, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास स्टोव्ह, गॅस पेटलेला नसावा. ब्लेड व अल्कोहोलचे काम मोठ्यांनीच करावे.

सुटा भाग उडाला की सापडत नाही. म्हणून काठ असलेल्या ताटात पांढरे फडके पसरून त्यावर काम करावे. निघालेला भाग लगेच पुठ्ठ्यावरच्या दुहेरी चिकटपट्टीवर लावून खाली 'डावा पुढचा', 'उजवा मागचा' असे लिहावे. हे काम मुलांकडे द्यावे, त्यांना ते आवडते. रंग पूर्ण वाळल्यावर काडीच्या टोकावर पांढरा गोंद घेऊन भाग बसवावेत. काचेला झटपट गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते.

महाग मॉडेल घ्यावे असा आमचा आग्रह नाही. मोडक्या खेळण्यावर, बिघडलेल्या घड्याळावर हीच रीत शिकता येते. वस्तू कशी जोडली आहे हे समजल्याशिवाय तिला हात लावू नये, ही सवय मुलाला लागली तर पुढे आयटीआयमध्ये, कारखान्यात, प्रयोगशाळेत ती कामाला येईल. आपल्या वस्तीत निवृत्त फिटर, वेल्डर, पेंटर आहेत. रविवारी वंदनेनंतर विहारात त्यांनी तासभर मुला-मुलींना घेऊन बसावे. ज्या कामापासून आपल्या आजोबांना दूर ठेवले गेले, ते काम नातवंडांच्या हाती यावे. चिमटा, ब्लेड आणि काड्या एवढ्या सामानावर सुरुवात होते. जयभीम!