अपशकुनी ठरलेला आय-आय

मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील गावांत रात्रीच्या वेळी नारळाच्या झाडावरून दातांचा करकर आवाज येऊ लागला, की जाणती माणसे मुलांना घरात बोलावून घेतात. झाडावर ‘आय-आय’ आलेला असतो. त्याने आपले लांबट मधले बोट ज्याच्याकडे रोखले त्याचा मृत्यू ओढवतो, अशी तेथील अनेक भागांत समजूत आहे. गावाजवळ तो दिसणे हाच अपशकुन, आणि दिसताच त्याला ठार मारणे हा त्यावरचा उतारा! मारलेल्या प्राण्याचे धूड रस्त्याकडेला काठीला टांगून ठेवण्याचीही रीत काही ठिकाणी आहे.

हा प्राणी दिसतो तरी कसा? डोक्यापासून बुडापर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर लांब, त्याहूनही लांब झुपकेदार शेपूट, वजन सुमारे अडीच किलो. अंगावरील काळपट राठ केसांची टोके पांढरी. वटवाघळासारखे मोठे, उघडे कान, अंधारात चकाकणारे पिवळसर डोळे आणि उंदरासारखे पुढे आलेले दात. हातांची बोटे लांब आणि नखे बाकदार असतात. त्यांत मधले बोट तर केवळ हाडावर कातडे ताणल्यासारखे बारीक असते.

पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या प्राण्याचे वर्णन आले. प्राणी पाहून स्थानिक लोकांच्या तोंडून निघालेला आश्चर्योद्गारच त्याचे नाव झाले, असे सोनेराचे म्हणणे. अशुभ प्राण्याचे नाव उच्चारू नये म्हणून लोकांनी ‘ठाऊक नाही’ अशा अर्थाचे उत्तर दिले आणि तेच रूढ झाले, असाही एक खुलासा केला जातो. मराठी कानाला मात्र हे नाव भीतीपेक्षा कळवळ्याचेच वाटावे.

आयुष्यभर वाढत राहणाऱ्या त्याच्या दातांमुळे प्रारंभीचे शास्त्रज्ञही फसले. १७८८ मध्ये त्याची गणना चक्क खारीच्या कुळात करण्यात आली. तो वानरवर्गातील, म्हणजे माणसाच्याच दूरच्या नात्यातील लेमूर आहे, हे एकोणिसाव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या अभ्यासानंतर निर्विवाद झाले. रात्री वावरणाऱ्या वानरवर्गीय प्राण्यांत तो आकाराने सर्वांत मोठा. दक्षिण भारतातील वनांत आढळणारा, मोठ्या डोळ्यांचा लाजरा लोरिस हा त्याचा लांबचा आप्त होय. आणि त्यालाही माणसांच्या भाबड्या समजुतींचा जाच चुकलेला नाही.

ज्या बोटाची एवढी धास्ती, ते बोट वस्तुतः आय-आयच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाही. वठलेल्या लाकडात दडलेल्या अळ्या शोधून खाण्याचे जे काम अन्यत्र सुतारपक्षी करतो, ते येथे आय-आय करतो. फांदीवरून चालताना तो या बोटाने लाकडावर भराभर टिचक्या मारतो आणि कान पुढे वळवून ऐकतो. आतून पोकळ आवाज आला, की दातांनी लाकूड कुरतडून भोक पाडतो आणि त्यात बोट घालून अळी ओढून काढतो. खांद्यातील सांध्याप्रमाणे या बोटाचा मुळाकडील सांधा खोबणीत बसलेला असल्यामुळे ते हवे तसे फिरते. मातीचे मडके वाजवून पारखणाऱ्या माणसाला ही रीत अपरिचित वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॉरिशसमधील एक इंग्रज अधिकारी हम्फ्री सँडविथ यांनी पाळलेल्या आय-आयपुढे किडलेल्या फांद्या ठेवून हा सारा प्रकार पाहिला आणि ओवेन यांना कळविला. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लाकडात कृत्रिम पोकळ्या करून प्रयोग झाले. अळी नसलेल्या रिकाम्या पोकळ्याही आय-आयने अचूक हेरल्या. शोध अद्याप संपलेले नाहीत. त्याच्या मनगटाजवळ अंगठ्यासारखा आणखी एक लहान अवयव असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले.

हेच बोट नारळातील पाणी व मलई काढण्यासही उपयोगी पडते. येथेच शेतकऱ्याशी त्याचा संघर्ष सुरू होतो. डोंगरउतारावरील जंगल जाळून भात पेरण्याची प्रथा आणि लाकूडतोड यांमुळे त्याचे अरण्य आटत गेले; साहजिकच तो बागांकडे वळला, आणि बागेत दिसला की मारला गेला. यात केवळ अंधश्रद्धेला दोष देणे न्याय्य होणार नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न मोजक्या नारळांवर अवलंबून आहे, त्याला शकुनाखेरीजही राग येण्यास कारण असते.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्राणी नामशेष झाला, असेच अनेक जण धरून चालले होते. १९५७ मध्ये तो पुन्हा आढळला. १९६६ च्या सुमारास नऊ आय-आय पकडून ईशान्य किनाऱ्याजवळील नोसी मांगाबे या सुमारे पाच चौरस किलोमीटरच्या राखीव बेटावर सोडण्यात आले. पुढील शोधांत मुख्य भूमीवरही तो विरळ, परंतु दूरवर पसरलेला असल्याचे दिसून आले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत केली आहे. मादी एका वेळी एकच पिलू देते आणि दोन वितींमध्ये दोन ते तीन वर्षांचे अंतर असते. त्यामुळे गावाच्या वेशीवर मारल्या गेलेल्या एका मादीची जागा भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात.