कुंडीतील मोगरा का फुलत नाही?

शेतात कांदा, ऊस उत्तम पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात मोगऱ्याच्या कुंडीला मात्र नुसता पाला, असे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. पाणी रोज घालतो, खत देतो, तरी फूल नाही, अशी घरच्या मंडळींची तक्रार असते. बहुतेक वेळा चूक उन्हाळ्यात नव्हे, आधीच्या हिवाळ्यात झालेली असते.

मोगऱ्याला कळ्या नवीन फुटीवर येतात. संत्र्याला बहारासाठी आपण ताण देतो, तसाच ताण मोगऱ्यालाही द्यावा. डिसेंबरच्या सुरुवातीस पाणी कमी करत जाऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ बंद ठेवावे. पाने पिवळी पडून गळू लागली की झाड निम्म्यावर छाटावे. वरची दोन इंच माती खुरप्याने काढून तेथे कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालावी आणि पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात. प्रस्तुत लेखकाने एका वर्षी हिरवेगार झाड पाहून छाटणीचा हात आखडता घेतला. त्या उन्हाळ्यात देवापुरतीही फुले मिळाली नाहीत. छाटणी राहून गेली असल्यास निदान फांद्यांचे शेंडे खुडावेत. प्रत्येक बहार ओसरल्यावरही असे शेंडे खुडल्यास नवी फूट येते. युरिया मात्र देऊ नये, त्याने पालाच वाढतो. झाडाखालच्या सावलीतही मोगरा फुलत नाही. किमान अर्धा दिवस ऊन हवेच.

कुंडी १२ इंची, मातीची, तळाला छिद्र असलेली घ्यावी. छिद्रावर खापरी ठेवून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत व एक भाग वाळू भरावी. नुसती काळी माती नको.

उन्हाळ्यात कुंड्यांतील झाडे तहानेने मरतात, तशीच जास्त पाण्यानेही मरतात. दुपारी पाने माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नये. बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. मातीची कुंडी बोटाने वाजवल्यास कोरडी असेल तर खणखणीत आणि ओली असेल तर बद्द आवाज येतो. माती ओली असूनही संध्याकाळी पाने मलूलच राहिली, तर मुळे कुजत आहेत असे समजावे. पाणी सकाळी लवकर द्यावे. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी कढत असते, ते बाजूला सोडावे. फार वाळलेली माती कडेने सुटते व पाणी तसेच खाली निघून जाते. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याच्या घमेल्यात ठेवावी.

गच्चीवरील कुंड्या विटांवर ठेवाव्यात. पानांमागे लाल कोळी दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कडक उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात.

मोगऱ्याशेजारी रंग हवा असल्यास चिनी गुलाब लावावा. त्याच्या काड्या खोचल्या तरी लागतात व फारसे पाणीही लागत नाही.

मोगऱ्याच्या टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या कळ्या संध्याकाळी उमलण्यापूर्वी खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात.