वाघजाईच्या पलीकडची आई

लहानपणीची आवडती आठवण कोणती, असं कुणी विचारलं की आमच्या महाड-पोलादपूरकडच्या बायकांचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. इकडे घरातला कर्ता पुरुष मुंबईला आणि गावात बायका, म्हातारी माणसं नि पोरंसोरं. त्यामुळे आठवण म्हणजे वडील गावी येण्याची! शिमग्याला, नाहीतर गणपतीला संध्याकाळच्या एसटीतून उतरणारे बाबा, त्यांची पत्र्याची ट्रंक, तिच्यातला नव्या कपड्यांचा वास, बिस्किटांचे पुडे. आम्ही भावंडं आजही एकत्र जमलो की त्या ट्रंकेचाच विषय निघतो. त्या गोष्टीत आई कुठेच नसते. असणार तरी कशी? ती तर रोजचीच. रोज दिसणाऱ्या माणसाची कुणी आठवण काढतं का?

पण मला मनापासून विचाराल, तर माझी सगळ्यात लाडकी आठवण बाबांच्या येण्याची नाहीच. ती आहे आईच्या जाण्याची. तिच्या माहेरी जाण्याची, आणि तिचा पदर धरून आम्हा भावंडांच्या जाण्याची.

आमचं गाव वरंध. महाडहून बिरवाडीवरून भोरच्या रस्त्याला लागलं की घाट चढण्याआधी ते लागतं. आईचं माहेर त्याच घाटाच्या वर, भोर तालुक्यात, निरा नदीच्या काठच्या एका वाडीत. त्या भागाचं जुनं नाव हिरडस मावळ. बाजीप्रभू देशपांडे याच मावळातले. तसं पाहिलं तर अंतर ते काय! पण मध्ये सह्याद्री उभा. खाली आमच्याकडे दमट हवा, जेवणात सुकट नि बोंबील. वर थंडी, दूध-तूप आणि सुवासिक आंबेमोहोर. आई मासे साफ करायला शिकली ती लग्न होऊन वरंधला आल्यावर. माझी आजी, म्हणजे तिची सासू, तिला 'घाटीण' म्हणायची. त्यात राग नसे, तोंडात बसलेला शब्द होता तो. पण तो ऐकला की आई चुलीपुढे उगीच जास्त वेळ फुंकणी फुंकत राही.

दिवाळीच्या सुमाराला कापणी-झोडणी उरकली की आईचे माहेरचे दिवस यायचे. पिशवीत सुके बोंबील, आमसुलं, आदल्या उन्हाळ्यातल्या भाजलेल्या काजूबिया. एसटी माझेरी सोडून घाटाला लागली की वळणावळणाला आमच्या पोटात कालवायचं. मग आई तोंडात आमसुलाची एकेक फोड द्यायची. कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडून हा रस्ता काढलाय. तिथे पोचलं की खाली सगळं कोकण हिरव्या ताटासारखं दिसायचं. वाघजाईच्या देवळाशी गाडी थांबायची. ड्रायव्हर हात जोडायचा, माकडं टपावर उड्या मारायची आणि समोरच्या टपरीतून कांदाभज्यांचा वास यायचा. आई पदराची गाठ सोडायची. अंडी विकून साठवलेली नाणी असायची त्यात. कागदावरची ती तेलकट, गरम भजी! पुढे मी मोठ्या हॉटेलांतूनही खाल्लं, पण ती चव काही सापडली नाही.

आणि इथेच ती गंमत व्हायची. वरंधला आईच्या डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. वाघजाई मागे पडली की वाऱ्याने तो खांद्यावर यायचा, आणि आई तो परत वर घ्यायचीच नाही! परतीच्या वाटेवर त्याच देवळाशी हात जोडता जोडता तो पुन्हा डोक्यावर जायचा. आम्हा पोरांना वाटायचं, देवीपुढे पदर घेतात तसाच असेल. आज कळतं, आईची हद्द होती ती.

वाडीत पोचलं की आजोळची आजी भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची. आणि मग आमची आई कुणी वेगळीच व्हायची. सासरी सगळ्यांच्या मागून जेवणारी ती मामाच्या शेजारी पाट घेऊन बसायची, वर "अजून तूप वाढ गं" म्हणायची. उन्हं अंगणात येईतो झोपायची. तिच्या वयाच्या माहेरवाशिणी जमल्या की इतकी मोठ्याने हसायची, की आम्ही दचकून बघायचो. एकदा तर सगळ्याजणी नदीवर धुणं धुवायला गेल्या आणि आईने काष्टा खोचून डोहात सूर मारला! काठावर आम्ही तोंड उघडं टाकून उभे. आईला पोहता येतं, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

१९८२ साल मात्र वेगळं होतं. १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यात माझे बाबाही होते. दर महिन्याची मनिऑर्डर बंद झाली. गणपतीला बाबा आले ते हात हलवत. घरातल्या कणगीत भाताने तळ गाठला होता. त्या दिवाळीत आई म्हणाली, "यंदा चालत जाऊ, मज्जा येईल." पहाटे अंधारात निघालो. माझेरीपासून चढण. वाटेत ओढ्याचं पाणी, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. धाकट्या भावाला आईने अर्धी वाट कडेवर घेतलं. वाघजाईशी भज्यांचा वास आला तेव्हा तिने आमच्या हातावर गूळ ठेवला आणि डोंगरांची नावं सांगत सुटली. आम्हाला खरंच मज्जा आली होती. कुणी विचारलं असतं, तर ती आमच्या जन्मातली सगळ्यात छान सहल होती.

आई तांदूळ मागायला चालली होती, हे खूप वर्षांनी समजलं. मागावं मात्र लागलं नाही. तिच्या पायांना आलेले फोड बघून आजोळच्या आजीने काहीच विचारलं नाही. निघताना मामाने आंबेमोहोराचं पोतं एसटीच्या टपावर चढवलं, तिकिटंही काढून दिली. त्या तांदळाचा भात शिजला तेव्हा वरंधचं सगळं घर घमघमलं. सासूबाई दोन घास खाऊन म्हणाल्या, "तुझ्या आयशीला माझा नमस्कार सांग हो." त्यानंतर त्यांच्या तोंडून 'घाटीण' हा शब्द मी ऐकला नाही.

आता ती वाडी नाही. निरा-देवघर धरण झालं आणि २००० नंतरच्या वर्षांत नदीकाठची घरं-शेतं पाण्याखाली गेली. पावणेबारा टीएमसी पाणी मावतं म्हणे त्यात. खालच्या किती गावांची शेतं त्यावर भिजत असतील! चांगलंच आहे ते. पण आईचा डोह, तिचं अंगण, पाट मांडायची जागा त्याच पाण्यात आहे. मामाचं घर दूर, दुसऱ्या तालुक्यात गेलं. माहेर असं सरकारी कागदावर उचलून दुसरीकडे ठेवता येतं होय?

घाटसुद्धा पूर्वीचा राहिला नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्याच डोंगररांगेतल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. घरांबरोबर घरातल्या गोष्टी सांगणारी माणसंही गेली. तेव्हापासून पाऊस वाढला की आई रात्रभर जागी असते. पावसाळ्यात घाटातली वाहतूकही बंद ठेवावी लागते. पण उन्हाळ्यात तिला गाडीने वर नेलं, की धरणाच्या कडेला ती उतरते आणि नातवंडांना बोटाने दाखवते, "ते वळण दिसतंय ना? त्याच्या समोर आमची विहीर. तिथून चार पावलांवर गोठा." नातवंडांना नुसतं पाणी दिसतं. पण ती ऐकतात. परवा नातीने विचारलं, "आजी, तू खरंच सूर मारायचीस?" पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आई लाजून हसली. पदर खांद्यावरच होता.

मैत्रिणींनो, आपण आईला नेहमी विचारतो, "मी लहानपणी कशी होते गं?" ती कौतुकाने सांगतेही. यंदा दिवाळीला माहेरी गेलात, की फराळाचं ताट बाजूला ठेवून उलटा प्रश्न विचारून बघा, "तू कशी होतीस?" नदीचं नाव, मैत्रिणींची नावं, घराची दिशा सगळं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ट्रंकेतला खाऊ सगळ्यांच्या लक्षात राहतो. आईचा डोह मात्र आपण विचारला तरच कळतो.