तुरीच्या शेतातला गांजा आणि पंचनाम्याचा कागद

पावसाळा सरला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते: अमुक शिवारात गांजाच्या शेतीवर छापा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातून, सातपुड्यातल्या मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या भागातून, अशा बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. सांगलीच्या जत तालुक्यातूनही येतात. त्यांचा हंगाम ठरलेला असण्याला कारण आहे. खरिपात लावलेले झाड दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येते आणि त्याला उग्र वास सुटतो. तोवर आजूबाजूची तूर, कापूस किंवा ऊस इतका वाढलेला असतो की बांधावरून आतले काही दिसत नाही. लावणारा त्या आडोशाच्या भरवशावर असतो, पोलीस वासाच्या आणि खबऱ्याच्या.

झाडे उपटायला एक दिवस पुरतो. ती कुणी लावली आणि त्यांत कायद्याच्या व्याख्येतला गांजा किती, हे न्यायालयात सिद्ध करायला मात्र वर्षे जातात. त्या सिद्धतेचा बराचसा भाग पहिल्या काही तासांत, पंचनाम्यावरच्या सह्यांनी ठरतो.

कायदा काय म्हणतो

१९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा कलम ८ मध्ये गांजाच्या कोणत्याही झाडाच्या लागवडीला मनाई करतो. परवानगी देता येते, पण ती कलम १० आणि १४ खाली, सरकारच्या नियमांनुसार. उत्तराखंडने धागा आणि बियांसाठी असे परवाने दिले आहेत. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने इतर पिकांना भाव मिळत नाही म्हणून सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. त्या अर्जाची चर्चा खूप झाली, परवानगी मिळाली नाही.

बिनपरवाना लागवडीला कलम २०(अ) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. इथे वजनाचा प्रश्न येत नाही. झाड एक असो वा हजार, लागवड हा गुन्हाच. वजन मोजले जाते ते तयार गांजा बाळगल्याच्या आरोपात: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंपेक्षा जास्त झाले की व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि कलम ३७ मुळे जामीनही सहज मिळत नाही.

गावाच्या अंगावरची जबाबदारी

कलम ४६ म्हणते की आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड असेल तर जमीनधारकाने ताबडतोब कळवले पाहिजे. जाणूनबुजून गप्प बसणे शिक्षेला पात्र आहे. कलम ४७ त्याच्याही पुढे जाते. प्रत्येक सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि कोणत्याही नावाचा गावकामगार यांना अशी लागवड कळली की पोलिसांना किंवा अधिकार दिलेल्या खात्याला सांगणे बंधनकारक आहे. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल असे सगळेच त्यात आले. शेजारच्या शेतकऱ्याशी वाकडे घ्यायचे नाही म्हणून सरपंचाने डोळेझाक केली, तर ती गावकीतली समजूतदारी म्हणून खपत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे.

जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी, पोलीस, वन, कृषी आणि इतर खात्यांची एकत्र समिती असते. तिला सरकारी भाषेत एनकॉर्ड म्हणतात. कोणत्या पट्ट्यात ड्रोन फिरवायचे, वनरक्षकांनी कुठे नजर ठेवायची, अशा गोष्टींवर खात्यांचा मेळ तिथे बसवायचा असतो.

छाप्याचा दिवस

खबर आली की लगेच गाडी काढून चालत नाही. कलम ४२ प्रमाणे मिळालेली माहिती अधिकाऱ्याने लिहून काढायची आणि ७२ तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांना पाठवायची. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत वॉरंटशिवाय आत जाता येते. रात्री जायचे तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. ही नोंद राहून गेली की बचाव पक्षाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नैलसिंग प्रकरणात सांगितले की निकड असेल तर नोंदीला उशीर झालेला चालेल, पण नोंदच न करणे चालणार नाही.

पथकाबरोबर पंच असतात. पुढे उलटू नयेत म्हणून ते बहुधा सरकारी कर्मचारी घेतात. वजनकाटा आणि तो चालवणारा माणूस लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे. शेतात गेल्यावर आधी गट नंबर आणि चतुःसीमा लिहायच्या, झाडे मोजायची, त्यांची उंची नोंदवायची, जागच्या जागी फोटो घ्यायचे. उपटणे त्यानंतर.

मग येते वजन, आणि इथेच बरीच प्रकरणे लंगडी पडतात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळे धरलेला शेंडा. शेंड्याविना आलेली पाने आणि बिया त्यात धरत नाहीत. (नुसत्या पानांची भांग या केंद्रीय कायद्यात बसत नाही, पण महाराष्ट्रात तिला दारूबंदी कायदा लागू होतो.) पथकाने मुळाची माती, हिरवे खोड, पाने असे अख्खे ओले झाड काट्यावर टाकले, तर आकडा पाहता पाहता वीस किलोंच्या वर जातो. बातमीत तो भरघोस दिसतो. न्यायाधीश मात्र विचारतात, यात शेंडे किती? ते वेगळे काढलेले नसतील तर व्यापारी प्रमाणाचा आरोप डळमळतो. या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी अनेकदा जामीन दिला आहे. लागवडीचा आरोप मात्र तरीही उभा राहतो.

नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, कलम ५२अ प्रमाणे काढायचे असतात. २०२२ च्या नियमांनुसार गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, तोही दोन प्रतींत. तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि तिचा अहवाल आला की पंचनाम्यातला ‘गांजासदृश’ हा शब्द गळून पडतो. अटक किंवा जप्तीनंतर ४८ तासांत वरिष्ठांना सविस्तर अहवाल द्यावा लागतो. उभे पीक जप्त करण्याचा, गरज पडल्यास नष्ट करण्याचा आदेश कलम ४८ खाली दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी देऊ शकतो. एरवी यादी, फोटो आणि नमुने प्रमाणित झाल्यावर विल्हेवाट समितीच्या देखरेखीखाली माल भट्टीत जातो.

जमीन कसतो कोण?

कलम ५४ सरकार पक्षाला मोठा आधार देते: आरोपीने कसलेल्या जमिनीत गांजाचे झाड उभे असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा त्याचाच असे न्यायालय गृहीत धरू शकते. यातला कळीचा शब्द ‘कसलेल्या’ हा आहे. सातबाऱ्यावर चार भावांची नावे, त्यांतले दोघे मुंबईत, जमीन तिसऱ्याच माणसाकडे वाट्याने, असे चित्र गावोगाव आहे. सातबारा मालकी सांगतो. नांगर कुणाचा फिरला, पाणी कुणी दिले, हे सांगायला शेजाऱ्यांचे जबाब लागतात. ई-पीक पाहणीत गांजा कुणी नोंदवत नाही, पण त्याच गटात तूर कुणी नोंदवली हे तिथे दिसते, आणि ते तपासात कामी येऊ शकते.

वनजमिनीवर हा पेच आणखी घट्ट होतो. तिथे सातबाऱ्यावर खाते वनविभागाचे. पथक पोहोचेपर्यंत राखणदार पसार झालेला असतो आणि गुन्हा अनोळखी इसमावर नोंदवावा लागतो. झाडे जळतात, खटला कुणावर चालवायचा हा प्रश्न उरतो.

गावी जमीन वाट्याने देऊन शहरात राहणाऱ्यांनी यातून धडा घेऊन तीन गोष्टी कराव्यात. वाटेकऱ्याशी कागद करावा. ई-पीक पाहणीत कुणाच्या नावाने काय नोंदले आहे ते दर हंगामात पाहावे. दिवाळीच्या सुमारास एकदा तरी शेतात आतपर्यंत फिरून यावे. काही संशयास्पद दिसले तर स्वतः उपटून टाकू नये, कारण त्याने पुरावा जातो आणि संशय आपल्याच अंगावर येतो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. आपण जाणूनबुजून गप्प बसलो नाही, हे पुढे त्या पोचपावतीवरूनच दाखवता येते.