मुळेचं पाणी कोणत्या कपाटात?

नव्या पुस्तकांचं खोकं फोडलं की आमच्या सोसायटीच्या ग्रंथालयात पहिलं काम असतं ते दाखल नोंदवहीत नोंदी करण्याचं. ग्रंथालय म्हणजे क्लब हाउसच्या मागची एक खोली, सहा कपाटं आणि एक लांब टेबल. ते सांभाळणाऱ्या काकूंची उभी हयात ग्रंथपालाच्या नोकरीत गेली. निवृत्त होऊन लेकीकडे हिंजवडीत राहायला आल्या, पण टोक काढलेली शिसपेन्सिल काही सुटली नाही. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर त्या वर्गांक घालतात, मगच ते कपाटात जातं.

या वेळी आम्ही ठरवून पाणी, निसर्ग आणि संवर्धन यांवरची मराठी पुस्तकं मागवली होती. काही अगदी ताजी, काही जुनी पण आमच्याकडे नवी. काकूंनी एकेक पुस्तक हातात घेतलं आणि टेबलावर वेगवेगळे गठ्ठे पडू लागले. किरण पुरंदरे यांचं ‘मुठेवरचा धोबी’ ५९८मध्ये गेलं, कारण ५९८ म्हणजे पक्षी. मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ ८९१.४६३मध्ये गेली, कारण ती मराठी कादंबरी. राजेंद्र व्होरांचं ‘मुळशी सत्याग्रह’ इतिहासात, ९५४कडे. माधव गाडगीळांचं ‘सह्याचला आणि मी’ हे आत्मकथन चरित्रांत. भूजलाचं पुस्तक ५५१मध्ये, धरणांचं ६२७मध्ये, पाणीपुरवठ्याचं ६२८मध्ये आणि पाण्याच्या वाटपाचं थेट अर्थशास्त्राच्या शेजारी, ३३३मध्ये.

“अहो, पाण्याची म्हणून मागवलीत खरी,” काकू म्हणाल्या, “पण पाण्याला एक असा खाना नाहीच.”

मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही दशांश पद्धत छापली. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, त्यांचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. जगभरातल्या ग्रंथालयांचा कारभार तिच्यावर चालतो, आणि पद्धत चांगलीच आहे. त्याच १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने ओढ दिली आणि पुणे, सोलापूर, अहमदनगरच्या मुलखाने मोठा दुष्काळ भोगला. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण टेबलावरचे गठ्ठे पाहताना मला वाटलं, दुष्काळ पडतो तेव्हा तो शेतीत, राजकारणात, भूगर्भात आणि माणसाच्या पोटात एकदमच पडतो. त्याला वर्गांक ठाऊक नसतात.

आणि पाण्याची ही वाटणी काही कपाटांपुरती नाही. हिंजवडीत ती रोजच्या जगण्यात दिसते. हे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दक्षिणेला माण-नांद्याच्या बाजूने मुळा वाहते, उत्तरेला पवना. दोन्ही पुढे दापोडीजवळ एकत्र येतात, मग संगमावर मुठा मिळते. दोन नद्यांच्या मध्ये राहणारी माणसं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पटत नाही. गावठाणाचं पाणी ग्रामपंचायत बघते, आयटी पार्कचं एमआयडीसी, नवी बांधकामं पीएमआरडीए आणि नदी पाटबंधारे खातं. सोसायटीचा सेक्रेटरी फक्त टँकरवाल्याला फोन करतो. मग पाऊस येतो. जून २०२५मध्ये एका दुपारच्या पावसाने इथल्या रस्त्यांचे ओढे झाले. त्या पाण्यात अडकलेल्या गाड्या साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. त्यानंतर पाहणी झाली आणि जे जुन्या गावकऱ्यांना आधीपासून माहीत होतं तेच पुढे आलं. नैसर्गिक ओढे, नाले कुठे बुजवलेले होते, कुठे अरुंद केलेले, कुठे पाइपात कोंबलेले. म्हणजे खरं तर ओढाच रस्त्यावर आला होता. त्याची वाट आपण घेतली, म्हणून त्याने आपली घेतली.

म्हणून आम्ही ठरवलं, की पेन्सिलीचे आकडे आतल्या पानावर राहू देत, पण ही सगळी पुस्तकं एकाच मांडणीवर ठेवायची. काकूंच्या शिस्तीला ते जड गेलं. तरी त्यांनीच जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाणी’ लिहून दिलं.

त्या मांडणीवर पहिलं पुस्तक मी ‘मुळशी सत्याग्रह’ ठेवलं. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. पिन कोड लिहिताना, सातबारा काढताना तालुका आठवतो, एरवी नाही. आयटी पार्कमध्ये दहा-दहा वर्षं काम केलेल्या कितीतरी जणांना मुळशी म्हणजे पावसाळ्यातली सहल एवढंच माहीत असतं. पण आपल्या दाराजवळून वाहणारी मुळा वरती अडवली गेली तेव्हा काय घडलं, ते या पुस्तकात आहे. निळा आणि मुळा यांच्या संगमाशी टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी धरण बांधायला घेतलं. बुडणार होती ती भातखाचरं होती, आंबेमोहोराची. या तांदळाला आता भौगोलिक मानांकन आहे. १८९४चा भूसंपादन कायदा वापरून सरकारने खासगी कंपनीसाठी जमिनी घेतल्या. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. बायका आघाडीवर होत्या, तुरुंगातही गेल्या. सावकारांपैकी बऱ्याच जणांना मोबदल्यात रस होता, तर कुळांना जमिनीत. या फुटीने आंदोलन आतून पोखरलं. व्होरांच्या पुस्तकाचं मला सर्वांत मोल वाटतं ते इथे. ते नुसतं शौर्य सांगत नाहीत. कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं आणि का, हे सोलून दाखवतात. १९२४पर्यंत सत्याग्रह विझला. धरण झालं. जगातला पहिला धरणविरोधी लढा, असं व्होरांच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच आहे.

आता त्या पाण्याचं काय होतं ते पाहा. मुळा पूर्ववाहिनी आहे. तिला भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला मिळायचं असतं. पण मुळशीच्या जलाशयातलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवतात, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडतात. भिऱ्याच्या वीजघरात ते वीज करतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जातं. धरण भरून सांडव्यावरून सोडावं लागतं तेव्हाच ते मुळेच्या वाट्याला येतं. शनिवारी सकाळी हिंजवडीतून गाड्या भरभरून मुलंमुली कोलाडला राफ्टिंगला जातात. वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, त्यावर ती राफ्टिंगची होडी चालते. ते पाणी मुळेचं असतं. आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच नदीच्या पाण्यावर तरंगायला आपण घाट उतरून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, आणि परत येऊन टँकरचे पैसे भरतो. वीज करू नये असं माझं म्हणणं नाही. पण हे पाणी कुठून कुठे गेलं, एवढं तरी त्या होडीत बसणाऱ्याला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

धरणाच्या दुसऱ्या काठाची गोष्ट सांगायला मराठीत कादंबऱ्या आहेत. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ची. धरणग्रस्तांच्या वाट्याला येणारी कार्यालयं, कागद आणि हेलपाटे त्यांनी जवळून मांडले. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीही विस्थापितांची गोष्ट, पण तिथे माणसाच्या जोडीला मागे राहिलेलं जनावर आहे आणि जनावराच्या डोळ्यांतून बुडालेलं गाव दिसतं. ‘नदीष्ट’ची जात वेगळी. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा एक माणूस आणि नदीकाठच्या आधाराने जगणारी, समाजाने कडेला ढकललेली माणसं. आमच्याकडे ही कादंबरी कपाटात फारशी टिकतच नाही. परत आली की लगेच दुसऱ्याच्या नावावर चढते. रोज पोहण्याइतकी नदी जवळची असू शकते, याचं इथल्या तरुण वाचकांना नवल वाटत असावं.

मला विचाराल तर या मांडणीवर सर्वांत उपयोगाची पुस्तकं दिसायला सर्वांत रुक्ष आहेत. खडकांची आणि भूजलाची. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, लाव्हाच्या थरांवर थर. वाळूसारखं पाणी धरून ठेवणं या दगडाला जमत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत, सांध्यांत. जिथे भेग नाही तिथे ३०० फूट बोअर मारली तरी धूळच येते, आणि शेजारच्या सोसायटीची बोअर लागली म्हणजे आपलीही लागेल असं नाही. लागली तर कदाचित दोघींचं पाणी एकाच भेगेतलं असेल. मग एकीने उपसा वाढवला की दुसरीची आटते. हे समजलं की वार्षिक सभेतला अर्धा वाद वेगळ्या वळणाने जाईल. तळघरात दोन मजली पार्किंग खणताना आपण नेमका तो मुरमाचा थर उचलून नेतो, जो पावसाचं पाणी सगळ्यांत आधी पितो.

आणि एक सोपा हिशेब, जो शाळेतल्या मुलाला करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १००० चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस धरला तर ७ लाख लिटर होतात. पाचवा भाग वाया गेला असं समजलं तरी १० हजार लिटरचे ५६ टँकर. एका इमारतीच्या डोक्यावरून दरवर्षी ५६ टँकर रस्त्यावर वाहून जातात आणि त्याच रस्त्यावर आपली दुचाकी बंद पडते. महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना हाच मुद्दा शेताच्या बाबतीत मांडला होता. पलटणीतल्या शिपायांना लावून बांध-ताली घालाव्यात, म्हणजे पावसाचं पाणी रानातच मुरेल आणि माती वाहून जाणार नाही, असं ते सरकारला सुचवत होते. तोही ‘असूड’ मी पाण्याच्या मांडणीवर ठेवला. काकू आधी नको म्हणाल्या, मग संध्याकाळी पुन्हा वाचून हो म्हणाल्या.

निसर्गाच्या पुस्तकांत दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ असायलाच हवं. १९५६चं पुस्तक, पण वातानुकूलित इमारतीत बसून चैत्र कधी आला आणि आषाढ कधी गेला हे न कळणाऱ्यांना त्याची गरज आज जास्त आहे. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ला गेले. वनखात्यात नोकरी करताना आदिवासींकडून, जुन्या ग्रंथांतून त्यांनी शब्द वेचले. कावळ्यांच्या वसतीला काकागार आणि बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांच्यामुळे आपल्याकडे आहेत. ज्याला नाव असतं ते तोडताना हात थबकतो, असा माझा विश्वास आहे.

‘मुठेवरचा धोबी’ काखेत घेऊन मी एका रविवारी सोसायटीमागच्या नाल्यावर गेलो. फेस, पिशव्या, सांडपाण्याचा वास. मधल्या दगडावर एक धोबी पक्षी बसला होता. काळी पाठ, ठळक पांढरी भुवई, पांढरं पोट आणि शेपूट सतत वरखाली. पाण्याच्या कडेने तुरुतुरु चालत तो किडे टिपत होता. मध्येच थांबून गोड शीळ घातली. मी पाऊण तास उभा होतो. इतकी वर्षं ज्याला मी नाला म्हणत होतो, त्याला तो पक्षी अजून नदीचाच धागा समजत होता.

एक खंत आहे. हे ग्रंथालय सोसायटीचं आहे, म्हणजे फाटकाच्या आतलं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याच्या आधाराने खेडोपाडी अनुदानित वाचनालयं उभी राहिली, आणि ती सर्वांना खुली असतात. भिलारसारखं अख्खं गाव २०१७पासून पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. आणि इथे सुरक्षारक्षकाच्या मुलीने पुस्तक मागितलं तर तिला सभासद क्रमांक नाही. पाणी जर सगळ्या गावाचं, तर पाण्याची पुस्तकं फक्त फ्लॅटधारकांची कशी? हा प्रश्न मी समितीत मांडला. तीन आठवडे चर्चा झाली. शेवटी ठरलं, की निदान पाण्याची मांडणी रविवारी सकाळी फाटकाजवळच्या शेडमध्ये न्यायची आणि नाव-पत्ता लिहून कुणालाही पुस्तक द्यायचं.

पहिल्या रविवारी गावातले एक आजोबा आले. म्हातोबाच्या यात्रेत लहानपणापासून बगाड पाहिलेले, इथल्या जमिनीवर नांगर धरलेले. पुस्तक नेलं नाही, चष्मा विसरले होते. पण भिंतीवर लावलेला नकाशा त्यांनी जवळ जाऊन न्याहाळला आणि आमच्या नाल्यावर बोट ठेवलं. “याला नाव हाये की,” म्हणाले. कुठून येतो, कुठे मिळतो, कुठल्या वळणावर पूर्वी बैल धुवायचे, कुठे बारमाही डोह होता, सगळं सांगितलं. काकूंनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिलने नाव लिहून घेतलं. आजोबा म्हणाले, पुढच्या रविवारी थोरल्या भावाला आणतो, त्याला वरचे दोन ओढेही आठवतात.