पाळणाघरातील मनुष्यबळ : निवड, पडताळणी आणि देखरेख

प्रस्तावना

19 डिसेंबर 2022 रोजी नागपूर येथील हिवाळी अधिवेशनास देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळासह उपस्थित राहिल्या. त्यानंतर विधान भवनात हिरकणी कक्ष उघडण्यात आला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात तेथील कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. या प्रसंगाची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. परंतु ती खोली, पाळणा आणि स्वच्छता यांपुरती राहिली. आई सभागृहात असताना बाळ कोणाच्या हाती असणार, त्या व्यक्तीची निवड कोणी व कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

महाविद्यालयांची स्थिती याहून वेगळी नाही. नॅकच्या सुधारित मूल्यांकन आराखड्यातील सातव्या निकषात लिंगसमभावाच्या सुविधांमध्ये लहान मुलांच्या पाळणाघराचा उल्लेख आल्यापासून अनेक स्वयंमूल्यांकन अहवालांत अशा खोलीचे छायाचित्र आढळते. छायाचित्रात खेळणी, गादी, भिंतीवरील ससा व हत्ती दिसतात. नियुक्ती आदेश दिसत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पाळणाघरातील सेविका व मदतनीस यांची निवड, पडताळणी आणि नेमणुकीनंतरची देखरेख यांचा विचार केला आहे. पोलीस पडताळणी ही या प्रक्रियेची एक पायरी आहे; व्यवहारात मात्र तीच संपूर्ण प्रक्रिया मानली जाते, हे येथील प्रमुख प्रतिपादन होय.

कायद्यातील तरतुदी

पाळणाघराची जागा आणि तेथील व्यक्ती या दोहोंचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वी केला होता. कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 48 मध्ये पाळणाघर हे बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात असावे, असे स्पष्ट म्हटले होते. प्रसूती लाभ अधिनियमात 2017 साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. पन्नास कर्मचाऱ्यांची ही अट आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आहे.

व्यक्तीच्या पडताळणीविषयी सर्वांत नेमकी तरतूद मात्र कामगार कायद्यात नाही. ती लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, म्हणजेच पॉक्सो कायद्याखालील 2020 च्या नियमांत आहे. त्यातील नियम 3 नुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व पूर्वेतिहासाची चौकशी ठरावीक कालावधीने करावयाची आहे. कर्मचारी शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, त्यातून कोणालाही वगळलेले नाही. बालसुरक्षेचे प्रशिक्षणही वेळोवेळी देणे संस्थेवर बंधनकारक आहे. या नियमातील दोन गोष्टी सहज दुर्लक्षित होतात. पडताळणी एकदाच करून भागत नाही. आणि कर्मचारी कंत्राटदाराचा आहे, या सबबीने संस्थेची जबाबदारी संपत नाही.

प्रमाणपत्राची मर्यादा

चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र एवढेच सांगते की, संबंधित व्यक्तीविरुद्ध पोलिसांच्या अभिलेखात काही आढळले नाही. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा अभिलेख कोराच असणार. लहान मुलांच्या बाबतीत तर तक्रार होणेच दुर्मीळ. दीड वर्षाचे मूल साक्ष देऊ शकत नाही. 2018 साली सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची केवळ तपास यंत्रणांना उपलब्ध आहे. मालकाला ती पाहता येत नाही.

इंग्लंडमधील दोन घटना या संदर्भात उद्बोधक आहेत. 2002 साली सोहम या गावी एका शाळेच्या रखवालदाराने दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या केली. त्याच्याविरुद्ध यापूर्वी दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांकडे आरोप झाले होते, परंतु नेमणुकीच्या वेळी ते पुढे आले नाहीत. या प्रकरणाच्या चौकशीनंतर, 2004 च्या बिचर्ड अहवालाच्या आधारे, तेथील पडताळणीची व्यवस्था नव्याने उभारली गेली. तरीही 2009 मध्ये प्लिमथ येथील एका शिशुगृहातील कर्मचारी स्त्रीने मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे उघडकीस आले. तिची पोलीस पडताळणी झालेली होती आणि तीत आक्षेपार्ह काहीही नव्हते. त्यानंतरच्या आढाव्यात बोट ठेवले गेले ते शिशुगृहाच्या अंतर्गत वातावरणावर: ढिले व्यवस्थापन, कर्मचाऱ्यांतील गटबाजी आणि सहकाऱ्याचे वर्तन खटकले तरी ते बोलून दाखविण्याचा संकोच. ‘बाई आहे, म्हणजे मूल सुरक्षित’ या सोयीच्या समजुतीलाही या घटनेने धक्का दिला.

सोहमचा धडा नागपूरला विशेष लागू पडतो. मध्य प्रदेशाची सीमा शहरापासून फार दूर नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि पलीकडे छत्तीसगड येथून कामासाठी येणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. अशा व्यक्तीच्या केवळ सध्याच्या पत्त्यावरील पोलीस ठाण्यातून आलेल्या अहवालावर समाधान मानणे पुरेसे नाही. मागील काही वर्षांतील सर्व पत्ते अर्जात घेऊन ते पडताळणीसाठी कळविणे आवश्यक ठरते. परप्रांतीयांवर अविश्वास दाखवावा, असा याचा अर्थ नव्हे. हीच अट सीताबर्डीत जन्मलेल्या उमेदवारालाही लागू असावी.

महाराष्ट्रातील दोन घटनांनी या विषयाचे गांभीर्य अधोरेखित केले. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला आयाने मारहाण केल्याचे दृश्य सीसीटीव्हीत आढळले. हे चित्रण पाहिले गेले ते आईवडिलांना बाळाच्या अंगावरील खुणा दिसल्यानंतर. कॅमेऱ्याने पुरावा दिला, संरक्षण दिले नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप ज्या सफाई कर्मचाऱ्यावर झाला, तो त्याच महिन्याच्या प्रारंभी कंत्राटी पद्धतीने कामावर आलेला होता. 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांवर भर दिला. हे उपाय आवश्यकच होते. परंतु लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्याच्या जागी, कामावर रुजू होऊन पंधरा दिवसही न झालेल्या पुरुषाचा वावर कसा होऊ शकला, हा कामाच्या वाटपाचा प्रश्न आहे. कॅमेरा किंवा पेटी यांनी त्याचे उत्तर मिळत नाही.

‘ओळखीची बाई’ आणि निवडीची पद्धत

खासगी पाळणाघरांतील भरती बहुधा ओळखीतून होते. शेजारच्या घरी काम करणारी, कोणाची तरी नातलग, ‘बाई प्रामाणिक आहे’ या शिफारशीवर येते. या पद्धतीची चेष्टा करण्याचे कारण नाही. ओळखीच्या माणसाची वस्तीत पत असते आणि ती जपण्याची त्याला गरज वाटते. अंगणवाडी सेविकेसाठी स्थानिक रहिवासाची अट आहे, तिच्यामागेही हाच व्यवहार आहे. गावातील बाईला गाव ओळखतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम उभारले, ते वस्तीशी जवळीक साधूनच.

अडचण अशी की, ओळखीची शिफारस चोरी न करण्याची हमी देते. रडणाऱ्या मुलाशी ती व्यक्ती कशी वागते, याबद्दल काही सांगत नाही. बारावीचे गुणही ते सांगत नाहीत.

म्हणून निवडीत काही साध्या गोष्टी लेखी असाव्यात. अर्जात शाळा सोडल्यापासूनची सर्व कामे तारखांसह, मधल्या रिकाम्या काळाच्या कारणांसह आणि प्रत्येक काम सोडण्याच्या कारणासह घ्यावीत. रिकामा काळ बहुधा बाळंतपण, आजारपण किंवा गावाकडची शेती यांचा असतो. पण विचारल्याशिवाय तो कळत नाही. उमेदवाराने हाती आणलेले शिफारसपत्र हा संदर्भ नव्हे. पूर्वीच्या मालकाशी संस्थेने स्वतः संपर्क साधून ‘या व्यक्तीला तुम्ही मुलांच्या कामावर पुन्हा ठेवाल काय?’ असा थेट प्रश्न विचारावा. उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर त्याची नोंद करावी. मुलाखतीत ‘तुम्हाला मुले आवडतात का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. नाही म्हणणारा उमेदवार आजवर कोणी पाहिला नसेल. त्याऐवजी प्रसंग मांडावेत: दोन वर्षांचे मूल जेवत नाही, दुसऱ्याला चावते, तासभर रडते, तेव्हा काय कराल? सहकारी बाईने मुलाला चिमटा काढताना पाहिले, तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नावरील उत्तर पहिल्याहून अधिक बोलके असते. त्यानंतर दोन-तीन दिवस अनुभवी सेविकेच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम पाहावे आणि सहा महिन्यांचा परिवीक्षा काल ठेवावा. पडताळणी अहवाल हाती येईपर्यंत नव्या कर्मचाऱ्याला मुलांसोबत एकटे ठेवू नये. अहवालास विलंब होतो, ही वस्तुस्थिती आहे. परंतु विलंबामुळे पडताळणीविनाच पूर्ण काम सोपविण्याची जी पद्धत पडली आहे, तिचे समर्थन करता येत नाही.

मानधनाचा प्रश्न

निवडीसाठी निवडण्याजोगे उमेदवार असावे लागतात. 1 जानेवारी 2017 पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांच्या पाळणाघरातील सेविकेचे मानधन दरमहा 3000 रुपये आणि मदतनिसाचे 1500 रुपये होते. काम महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे साडेसात तास. म्हणजे सेविकेला दिवसाकाठी सुमारे 115 रुपये आणि मदतनिसाला 58 रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला 201 रुपये होता. मुरूम टाकणाऱ्या मजुराच्या निम्म्याहून थोड्याच अधिक किंवा तृतीयांशाहूनही कमी मोबदल्यात बालकाच्या मेंदूच्या वाढीचा सर्वांत महत्त्वाचा काळ शासनाने सोपविला होता. ही योजना 2022 मध्ये ‘पाळणा’ या नावाने मिशन शक्तीत समाविष्ट झाली. मानधनाचे स्वरूप मात्र मानधनाचेच राहिले, वेतनाचे झाले नाही.

याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. कमी मोबदल्यावर मिळेल ती व्यक्ती घ्यावी लागते, ती टिकत नाही, आणि प्रत्येक नव्या व्यक्तीबरोबर मुलांसाठी अनोळखी हात येतो. गृहविज्ञान शाखेत मानव विकास हा विषय घेऊन पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थिनी पाळणाघराकडे वळत नाहीत, यात त्यांचा दोष कोणता? महाविद्यालयाने आपल्या पाळणाघराचे पद निदान प्रयोगशाळा परिचराच्या बरोबरीचे मानले, तरी अर्जांचे स्वरूप बदलेल.

नेमणुकीनंतर

2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, असे प्रमाण सांगितले. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती असते. दहाचे प्रमाण आधीच सैल आहे. त्यातही पाळणाघरात एकच बाई असेल, तर ती स्वयंपाकघरात गेली की प्रमाण शून्य होते. म्हणून मुलांची संख्या कितीही कमी असली तरी एका वेळी दोन प्रौढ असणे हा नियम संख्येच्या प्रमाणाआधी पाळावा.

खोलीची रचनाही देखरेखीचाच भाग होय. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कूलरची हवा टिकावी म्हणून दारे लोटलेली, खिडक्यांना ताट्या लावलेल्या. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने पाळणाघर बाहेरून दिसेनासे होते. दारात उभी काच बसविणे आणि कपडे बदलण्याची जागा आडोशाला पण नजरेच्या टप्प्यात ठेवणे हे अल्प खर्चाचे उपाय आहेत.

सर्वांत मोठी फट बदलीच्या दिवशी पडते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस किंवा तान्हा पोळा आला की मदतनीस येत नाही आणि ‘माझ्या बहिणीला पाठवते’ असा निरोप येतो. रुग्णालयातील परिचारिकेला त्या दिवशी सुट्टी नसते. तिचे मूल कोणाच्या तरी हाती द्यावेच लागते. ज्या संस्थेने वर्षभर पडताळणीची कागदपत्रे जपली, तीच त्या दिवशी पूर्ण अपरिचित व्यक्तीला दार उघडून देते. पडताळणी झालेल्या दोन-तीन बदली सेविकांची यादी आधीच तयार नसेल, तर त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवणे अधिक योग्य.

सकाळी मूल ताब्यात घेताना अंगावरील खरचटणे, वळ किंवा ताप यांची नोंद वहीत करून पालकाची सही घेण्याची पद्धत सेविकेलाही संरक्षण देते, हे सेविकांना समजावून सांगितल्यास त्या ती आनंदाने पाळतात.

राहिला प्रश्न संशय आल्यावर काय करावयाचे, याचा. प्रसंग बहुधा मदतनिसाच्या नजरेस पडतो आणि संस्थेच्या उतरंडीत तीच सर्वांत खाली असते. तिने कोणाला सांगावे, ती व्यक्ती नसेल तर कोणाला, हे नाव आणि दूरध्वनी क्रमांकासह भिंतीवर लिहिलेले असावे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही तेथे असावा. महाविद्यालयांची पहिली प्रतिक्रिया अंतर्गत चौकशी समिती नेमण्याची असते. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अपराध घडल्याची माहिती वा तशी भीती असलेल्या व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील कर्मचाऱ्याचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 नुसार एक वर्षापर्यंत कारावास व दंडाची शिक्षा आहे. बदलापूर प्रकरणात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कारणासाठी गुन्हा नोंदविला गेला. समिती नेमण्यास हरकत नाही. परंतु तिच्या अहवालाची वाट पाहून मग पोलिसांना कळविण्याची मुभा कलम 19 देत नाही.