परसाचा दर आणि अर्धा तास

जालन्याच्या जाफराबाद तालुक्यातला एक शेतकरी बोलता बोलता म्हणाला, ‘आमचा सुरुंगवाला लई थांबतो, म्हणून ठेकेदाराला नको असतो.’ ज्या कामात चुकीला माफी नाही, तिथे थांबणारा माणूस नको कसा? ते पाहायला मी त्याच्या विहिरीवर गेलो.

विहीर 35 फुटांपर्यंत आली होती. काळी माती, मुरूम संपून मांजऱ्या खडक लागला होता आणि पूर्वेच्या अंगाला काळा पाषाण वर आला होता. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर भोकं पाडून झाली, हवेने साफ झाली, पोरं यारीने वर आली.

सुरुंगवाले मामा मात्र खालीच. हातात लाकडी काठी. प्रत्येक भोकात ती घालून खोली बघायची, भोकातून निघालेली भुकटी चिमटीत चोळायची, शेजारच्या भोकापर्यंतचं अंतर वितीने मोजायचं. वरून एक पोरगा ओरडला, ‘मामा, मागच्या विहिरीला होतं तेवढंच भरायचं ना?’ मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘ती विहीर तिथंच राहिली. इथला दगड बघ.’

त्या एका वाक्यात या कामाचं सगळं शास्त्र आहे. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. मांजऱ्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, दोन थरांमध्ये कुठे तांबडी, भुसभुशीत पट्टी आली. भेगाळ दगडात स्फोटाचा जोर फटीतून निघून जातो. अभंग पाषाणात तोच जोर दगड फोडतो किंवा धोंडे आकाशात भिरकावतो. म्हणून एका भोकात किती माल भरायचा त्याचा आकडा दुसऱ्या भोकाला लागू पडेलच असं नाही. परदेशात घरी काडतुसं भरणारे नेमबाजही बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक उघडतात, कमाल आकड्याच्या बरंच खालून सुरुवात करतात आणि दुसऱ्याच्या बंदुकीचा आकडा आपल्या बंदुकीत वापरत नाहीत. मामाही कमीपासूनच सुरू करतात. माल कमी पडला तर न फुटलेला धोंडा घणाने फोडता येतो.

गावोगाव तोंडी फिरणारे आकडे मला म्हणूनच भीतीदायक वाटतात. त्यातले कित्येक जुन्या, नायट्रोग्लिसरीनच्या कांड्यांच्या काळातले आहेत. ती स्फोटकं देशात 2004 साली बंद झाली. आताच्या कांड्या वेगळ्या मालाच्या, त्यांचा जोर वेगळा, त्यांना लागणारी काळजीही वेगळी. माल बदलला, पण ऐकीव आकडा तोच राहिला. खोक्यातलं कंपनीचं माहितीपत्रक इंग्रजीत. मामांनी परवानाधारक विक्रेत्याकडून त्याचा अर्थ समजून घेऊन वहीत मराठीत उतरवला आहे. माल बदलला की नवं पान. स्फोटक नियम, 2008 प्रमाणे हे काम परवाना असलेल्या माणसानेच करायचं, आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तिथूनही मराठी पत्रक विहिरीपर्यंत पोचू नये, याचा मला राग येतो.

भोकं भरून मामा वर आले, रस्ता अडवायला माणसं उभी राहिली, शिट्टी झाली, जमीन हादरली. मग विहिरीच्या तोंडातून पिवळसर धूर वर आला, नाकाला झोंबणारा. ठेकेदार पुढे सरकला. ‘अर्धा तास,’ मामा म्हणाले. ‘अहो, धूर गेला की.’ ‘वरचा गेला. अर्धा तास.’

त्यांचं म्हणणं खरं होतं. स्फोटानंतरचा नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. शिवाय एखादं भोक उडायचं राहिलं असेल तर तेही सांगता येत नाही. मामांनी कॉम्प्रेसरची नळी खाली सोडून हवा खेळती ठेवली, आणि वेळ झाल्यावर आधी स्वतः उतरले. प्रत्येक भोक तपासून मगच पोरांना हाक दिली.

विहिरीचा हिशेब परसावर होतो. परसभर, म्हणजे साधारण सहा फूट, खाली गेलं की पैसे; थांबण्याचे पैसे कुणी धरत नाही. त्यामुळे सावध माणूस महाग वाटतो आणि ऐकीव आकड्यावर भरणारा स्वस्त. पाण्यासाठी जालन्याचा शेतकरी किती खोल जातो हे मी जाणतो, त्याची घाईही समजतो. पण परसाचा दर ठरवताना त्या अर्ध्या तासाची मजुरी त्यात धरलीच पाहिजे. ती देणं पाणी लागण्याइतकंच विहिरीच्या मालकाच्या हिताचं आहे.